दारात उभा करायचा माणूस

नागसेन पूर्णा गावच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पंच झाला. उपासनेला आलेल्या अकरा जणांनी बारा हात वर केले, सगुणाबाईंनी दोन्ही. हे झालंच नाही असं समजून पुढं वाचावं. मंडळीही तसंच समजते.

“आता तुजा माणूस आण,” सगुणाबाई म्हणाल्या.

“कोणता माणूस, मावशी?”

“रुसलेला.”

इथली रीतच तशी. वडिलाची शपथ घेण्याआधी, आपल्याशी वाकडं असलेल्या एखाद्याची समजूत काढायची, त्याला आणायचं आणि त्याच्यासोबत चर्चच्या दारात उभं राहायचं. आधीच्या वडिलांनी शेजारी आणला होता. त्यांच्या आधीच्यांनी बायको आणली. ती दारातच पुन्हा रुसली, म्हणून शपथ पुढच्या रविवारी झाली.

“माजं कुणाशीच वाकडं न्हाई,” नागसेन जरा अभिमानानं म्हणाला.

“कसं असंल? बोलतूस का कुणाशी? कच्चा हाईस लेकरा.”

नागसेन पिंगळीकडं रेल्वे फाटकावर गेटमन होता. गाडीतून लोक त्याला हात करायचे. तो उलट हात करायचा, तेव्हा कळायचं की ते केळ्याची सालं टाकत होते. बाप्तिस्मा होऊन चौदा महिने झाले होते. आपल्याला राग येत नाही, हे त्याला बायबलात सांगितलेलं पवित्र आत्म्याचं फळ वाटायचं. खरं तर रागवायला कुणी नव्हतं.

आठवडाभर त्यानं माणूस शोधला. भाजीवालीला मुद्दाम म्हणून पाहिलं, “मेथी शिळी हाय.” तिनं जुडी बदलून दिली.

शनिवारी, डबा खाता खाता, त्याला पालमचा मोठा भाऊ आठवला. रंगनाथ. नऊ वर्षांपूर्वी रंगनाथच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत नागसेनचं नाव छापायचं राहिलं. नागसेन लग्नाला गेला नाही. नंतर कशालाच गेला नाही.

रजा टाकून तो एसटीनं पालमला गेला. दार मंजुषावहिनीनं उघडलं.

“दादा हाय का?”

“दीड वरीस झालं, भावजी, त्यांना जाऊन.” तिनं पाणी आणलं. “पत्र टाकलं व्हतं. तुमच्या जुन्या फाटकावरून परत आलं.”

तिनं ते पाकीट काढून दिलं. आत दादाच्या पुण्यानुमोदनाची, शोकविधीची पत्रिका. शोकाकुलांत पहिलं नाव नागसेनचं.

“त्यांनीच सांगून ठेवलं व्हतं. म्हणले, ह्या बारीला त्याचं नाव आधी छापा, न्हाईतर ह्ये बी चुकवंल.”

नागसेन हसला. मग त्याला हसू आवरेना. मग ते हसू राहिलं नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी पत्रिका दोनदा वाचली. “भावानं माफ केलंच आहे की. ही हातात धरून दारात उभे राहा. मी शपथ देतो.”

“न्हाई साहेब. माफ त्यानं केलं. मी कुठं मागितली माफी? मावशी म्हणल्या ते बराबर हाय, मी कच्चाच हाय.”

सगुणाबाईंनी सरकून बाकावर त्याला जागा केली. त्याच्या निवडीचा ठराव वहीतून खोडला गेला.

सोमवारी, दोन गाड्यांच्या मधे, नागसेननं रजेच्या अर्जाचा कागद ओढला. ‘प्रति’च्या पुढची जागा कोरी सोडली आणि खाली लिहिलं:

‘विषय: अर्ध्या तासाची रजा मिळणेबाबत.

महोदय, अर्जदाराचे मोठे भाऊ रंगनाथ यांना कोणत्याही एका रविवारी सकाळी दहा ते साडेदहा या वेळेत चर्चच्या दारात हजर राहण्यासाठी रजा मंजूर करावी. त्यांना वेळेत परत पोचवण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील.’