सुलट्या फेऱ्या

परभणीत चार देशांची पोरंपोरी पळायला येणार, अशी खबर पहिल्यांदा उठली तेव्हा लोक हसले. हसतील नाहीतर काय करतील? ज्या गावात नळाला पाणी दिवसाआड, तिथं नेपाळ, मलेशिया आणि लंका येऊन आंघोळ कुठं करणार? पण ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा एखादा पुढारी भर सभेत काही बोलून गेला की साहेबापासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांना ते निस्तरावं लागायचं. स्पर्धा व्हायच्या होत्या दुसऱ्याच कुठल्या मोठ्या शहरात. तिथं काहीतरी बिनसलं आणि आमच्या पुढाऱ्यानं छाती पुढं काढून "आमी करतो की!" म्हणून टाकलं. झालं, बसा आता बोंबलत.

महिनाभर गावाला उसंत नव्हती. मैदानावर मुरूम टाकला, दाबला, पुन्हा उकरला, पुन्हा दाबला. टांगेवाल्यांना 'वेलकम' म्हणायला शिकवलं, तर ते गिऱ्हाईक उतरून चाललं तरी 'वेलकम' म्हणायचे. मलेशियाच्या पोरांनी आल्या आल्या हुरडा असा काही हाणला, की दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले दोघं मैदानाऐवजी दवाखान्यात सापडले. असो. सांगायचंय ते केशरबाईचं.

केशरबाई पोखर्णीची. नवरा किशनराव जाऊन तीन वर्षं झालेली, पदरात एकच लेक, बायना. सतरा वर्षांची, हाडापेरानं उंच, बोलायला कमी आणि पळायला वारं. शाळेतले पीटीचे दिनकरराव मास्तर तिला रोज सकाळी परभणीच्या सडकेवर पळवायचे. ती पुढं आणि हे सायकलवर मागं, धापा टाकत. पोरीनं नांदेड मारलं, औरंगाबाद मारलं, आणि यजमान गावाची म्हणून एक जागा होती ती तिच्या नावावर पडली. आठशे मीटर. केशरबाईनं आजवर एकही शर्यत पाहिली नव्हती. रानातली कामं टाकून बाई औरंगाबादला कुठं जाणार? पोरीनं चड्डी घालून चारचौघांत पळायचं, हे तिनं कसंबसं गिळलं होतं, पण ते कानांनी ऐकून. डोळ्यांनी बघायची ही पहिलीच वेळ.

ती सकाळच्या यष्टीनं आली आणि थेट दोरीला लागून पुढं बसली. बसली म्हणजे काय, बूड टेकलं एवढंच. कधी पदर सावरी, कधी उठून टाचा वर करी, कधी शेजारणीला विचारी, "माझी कवा हाय?" शेजारीण बेजार झाली. एवढ्यात पोरांची एक लांबची शर्यत सुटली. फक्कीच्या पांढऱ्या रेघांमधून पोरं निघाली, वळली, आणि केशरबाई टाचा वर करून बघतच राहिली.

पोरं डावीकडं वळून फिरत होती. मैदानाचा मधला भाग त्यांच्या डाव्या हाताला. एक फेरी झाली, दुसरी झाली, तरी तेच. आणि एवढ्या हजारो लोकांत एकाच्या तोंडून शब्द नाही!

देवाला फेरी घालायची ती उजवी घालून. वडाला तशी, तुळशीला तशी, पोखर्णीच्या नरसिंहाला तशी. उलट्या फेऱ्या माणूस एकाच ठिकाणी घालतं. किशनरावला मळ्यातच अग्नी दिला, तेव्हा बायकांना पुढं जायचं नव्हतं, म्हणून ती लिंबाखाली उभी राहून बघत होती. पुतण्या खांद्यावर गळकं मडकं घेऊन चितेभोवती उलटा फिरत होता, मागून पाण्याची धार लागली होती. त्या फेऱ्या तिच्या डोळ्यांतून अजून गेल्या नव्हत्या. आणि आता तिची एकुलती एक लेक, दिवसाढवळ्या, वाजतगाजत, तसंच फिरणार होती.

ती उठली ती तरातरा मागच्या तंबूकडं. बायना बाकड्यावर बसून कॅनव्हासचे बूट बांधत होती. शेजारी दिनकरराव मास्तर उभे. पोरीपेक्षा त्यांनाच घाम फुटलेला.

"गुर्जी, ती लेकरं उलटी पळायलीत."

"उलटी? कोण उलटी?" मास्तर दचकून मैदानाकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, एखादं पोरगं खरंच चुकून माघारी फिरलं.

"समदीच. डावी घालून. मसणात फिरतेत तशी."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. "अहो केशरबाई, पळायचं असंच असतं. सगळ्या जगात असंच आहे. जपानात असंच, अमेरिकेत असंच."

"त्यांचं त्यांना. माझी लेक न्हाई पळायची असं."

बायनाचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. केशरबाई तिच्याकडं वळली. "औरंगाबादला बी असंच पळलीस का गं?"

"हो."

"आन् नांदेडला?"

"माय, समदीकडं असंच असतंय."

"मंग मला कामून न्हाई सांगितलंस?"

"तू पाठवलं नसतंस," बायना म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती, काय करणार.

मास्तरांना धीर आला. "बघा! दोन्हीकडं पळाली, जिंकून आली. झालं का काही तिला?"

"झालं की. दिवाळीत आठ दिस तापानं फणफणली. म्हैस आटली."

"म्हशीचा काय संबंध?" मास्तर ओरडले. मग त्यांनी समजुतीनं घेतलं, माणसाचं काळीज डावीकडं असतं, वळताना उजवा पाय जोर देतो, असं बरंच काही सांगितलं. केशरबाईनं सगळं ऐकून घेतलं. ऐकून म्हणाली, "मंग त्या पंचाला सांगा, सुलटं पळवा मनावं. रेघा तर दोन्हीकडून सारख्याच हायती."

आणि मास्तर, गंमत बघा, खरंच पंचाच्या टेबलाकडं निघाले! इतका माणूस गांगरला होता. अर्ध्या वाटेत त्यांना आपण काय विचारणार आहोत ते उमगलं असावं, कारण ते तिथंच उभे राहिले, कपाळावर हात मारला आणि परत आले.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. मुलींची आठशे मीटर, सगळ्यांनी सुरुवातीच्या रेघेजवळ यावं. बाकीच्या सात पोरी तंबूतून निघाल्या. त्यात लंकेची एक काळीसावळी, बारीक चणीची, अनवाणी पोरगी होती. जाता जाता तिनं थांबून बायनाला हातानंच विचारलं, येत नाहीस? बायनानं मान खाली घातली.

"माय, तू न्हाई मनलीस तर मी न्हाई पळायची," ती म्हणाली. आवाजात ना राग ना रडू. तिनं छातीवरचा नंबराचा कपडा टाचण्या काढून सोडवला, नीट घडी घातली आणि मास्तरांपुढं धरला. मास्तर तो घेईनात. तिचा हात तसाच पुढं राहिला.

केशरबाईला वाटलं होतं, पोरगी भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन शब्द हिनं बोलायचे, चार तिनं, आणि जीव मोकळा झाला असता. पण ही तर बाप गेल्या दिवशी विझल्या चुलीपुढं बसली होती तशीच गप्प. तीन वर्षांत हिनं नवं लुगडं मागितलं नाही, जत्रेला जाते म्हणाली नाही. पहाटे उठून पळायला जाऊ दे, एवढं एकच मागितलं. आणि मी तेच काढून घ्यायले. पण ते गळकं मडकंही केशरबाईच्या डोळ्यांपुढून हलेना. मेलं काय करावं बाईनं!

"तुला भ्या न्हाई वाटत?" तिनं विचारलं.

"वाटतंय की."

"कशाचं?"

"त्या लंकेवालीचं. लय पळती ती."

केशरबाईला त्या सगळ्या घालमेलीत फिसकन हसू आलं. हसू आलं आणि तिला एकदम सुचलं. इतकं साधं, की आधी कसं सुचलं नाही याचाच तिला राग आला.

"तू किती फेऱ्या घालणार?"

"दोन."

"मंग पळ. तू उलट्या घाल, मी सुलट्या घालते. दोनाला दोन. फिट्टंफाट." तिनं मास्तरांच्या पुढ्यातला कपडा हिसकला आणि स्वतःच्या हातानं पोरीच्या छातीवर लावायला घेतला. घाईघाईत एक टाचणी स्वतःलाच टोचून घेतली. "नांदेड आन् औरंगाबादच्या मी नरसिंहाला घालीन. ह्या मातर हितंच. जा, पळ!"

"केशरबाई, मैदानात जाता येत नाही हो!" मास्तर कळवळले.

"मी कुठं पळायला जायले? कडंकडंनं चालते."

बायना रेघेवर जाऊन उभी राहिली तेव्हा केशरबाईनं दोरी वर उचलली आणि वाकून आत शिरली. दोरीबाहेर माणसांची एवढी दाटी, की मुंगीला वाट नव्हती. लुगड्याचा ओचा खोचला, पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या; फेरी घालायची म्हणजे अनवाणीच. मैदान उजव्या हाताला घेतलं. बार उडाला. पोरी तिकडं सुटल्या आणि ही इकडं निघाली.

छातीला बिल्ला लावलेला सटवाजी नावाचा स्वयंसेवक धावत आला. "ओ मावशी! ओ मावशी, कुठं चालल्या?"

"फेऱ्या घालायले."

"फेऱ्या? हे काय देऊळ हाय का?"

तो तिला अडवणार तोच मागून मास्तरांनी त्याचा दंड धरला. "जाऊ दे तिला, बाबा. तुझ्या पाया पडतो, जाऊ दे." मास्तर आयुष्यात कुणाच्या पाया पडले नव्हते.

लोक आधी हसले. कुणी शिट्टी मारली, कुणी "मावशी, उलटी चालली तू!" म्हणून ओरडलं. उलटी म्हणे! केशरबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचे पाय भराभर पडत होते. इतक्यात समोरून पोरी आल्या, धुरळा उडवत, तोंडं उघडी. लंकेवाली पुढं, तिच्या मागं एक गोरी, मग घोळका, आणि घोळक्यात बायना. माय-लेकींची नजरानजर झाली. सडकेवर पळत निघालेली पोरगी तिनं आजवर पाठमोरीच पाहिली होती. तिचं तोंड पळताना कसं दिसतं हे केशरबाईला आज कळलं. बापासारखं दिसत होतं. रागावलेलं, हट्टी. तिला वाटलं, मोठ्यानं हाक मारावी, पण तोपर्यंत पोरगी निघूनही गेली.

केशरबाई चालत राहिली. दुसऱ्यांदा पोरी समोर आल्या तेव्हा घोळका फुटला होता, बायना चौथी होती आणि तिच्या गळ्यातून आवाज निघत होता. "हाण!" केशरबाई किंचाळली. "हाण माझे माय!" हातातल्या वहाणा तिनं कधी वर धरल्या ते तिलाच कळलं नाही.

शर्यत संपली तेव्हा ती मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होती. तिकडून नुसता गलका ऐकू आला, काय झालं ते दिसेना. तिला वाटलं, मधूनच आडवं पळत जावं. पण फेरी मोडता येत नाही. ती दात आवळून चालत राहिली. पोरगी पडली का? शेवटची आली का? ती तशीच चालत राहिली.

मग गवतावरून बायनाच येताना दिसली, कमरेवर हात ठेवून, लंगडत.

"माय, तिसरी आले."

"चालत बोल. थांबू नको, अर्धीच झालीय."

"तिसरी आले माय! मेडल हाय!"

"आयकलं की," केशरबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. डोळे पुसताना पाऊल मात्र थांबू दिलं नाही. बायना तिच्या बरोबर चालायला लागली.

पहिली फेरी पुरी झाली तशी लंकेवाली धावत त्यांच्याकडं आली. पहिली आलेली ती. तिला वाटलं असावं, इकडं शर्यत झाली की सगळे असे आईबरोबर मैदानाला फिरतात. तिनं हसून मान हलवली आणि बायनाच्या पलीकडून चालायला लागली. लोकांनी टाळ्या धरल्या. लाउडस्पीकरवर तीन तीनदा नावं पुकारली गेली. पहिली नाही, तिसरी नाही, आणि दुसरी आलेली मलेशियाची गोरी पोरगी स्टुलावर एकटीच उभी. पाहुणे मेडलं हातात धरून ताटकळले. मास्तर त्यांना काहीतरी समजावून सांगत होते. काय सांगत होते देव जाणे.

दुसरी फेरी पुरी झाली. बायनानं हुश्श केलं. "झाल्या माय दोन. फिटल्या माझ्या. चल, पुकारायलेत."

केशरबाई थांबली. पहिल्यांदाच थांबली. तिनं लंकेवालीकडं बघितलं. मुरमानं तिचे तळपाय सोलले होते, गळ्यात काळ्या दोऱ्यात कसलासा ताईत होता, अगदी इकडं लेकरांना घालतात तसाच. कुणीतरी घातलाच असेल की तिच्या गळ्यात. समुद्रापलीकडं कुठंतरी बसली असेल ती, पोरगी काय करून आली याची तिला खबरही नसेल.

"तुझ्या फिटल्या," केशरबाई म्हणाली. "हिची एकच झाली."

"माय, अगं ती लंकेची हाय."

"हिची माय हितं न्हाई ना," केशरबाई म्हणाली, आणि पोरीचं मनगट धरून पुढं चालायला लागली.