साडेतीन टप्पे

एकवीस किलोमीटर म्हणजे एस.टी.चे साडेतीन टप्पे. एक टप्पा सहा किलोमीटरचा. पांढरकवड्याच्या आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीत बसलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. बाकीचे लोक किलोमीटर मोजतात, मी टप्पे मोजतो. सगळा घोटाळा त्यातूनच झाला, पण ते पुढे सांगतो.

मी निवृत्त झालो आणि आठच महिन्यांत बायको, मंजुषा, नागपूरला गेली. आमच्या मुलाला, अवधूतला, मुलगा झाला होता. सूनबाई मिताली एका दवाखान्यात नर्स आहे. तिची बाळंतपणाची रजा संपत आली म्हणून मंजुषा दोन महिन्यांसाठी गेली. त्या दोन महिन्यांना आता दोन वर्षं होत आली. तुम्हीही तिकडेच का जात नाही, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. गेलो होतो ना, चार वेळा गेलो. दोन खोल्यांचं घर, मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर. दुपारी बाळ झोपलं की खोकायचीसुद्धा चोरी. तिसऱ्या दिवशी मी बॅग भरायचो आणि कोणी थांबा म्हणायचं नाही. त्याचा मला राग आला होता आणि अजूनही आहे.

इकडे घरात बोलायला कोणी नाही. आयुष्यभर माइकवरून ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणत आलेला माणूस दिवसचे दिवस तोंड न उघडता राहायला लागला. भाजी पावशेर आणली तरी दोन दिवस तीच खायची. टीव्ही लावून ठेवायचो, पाहायचो नाही. एकदा चार दिवस मी कोणाशीच बोललो नाही आणि पाचव्या दिवशी दूधवाल्याला हाक मारायला गेलो तर घशातून आवाजच निघेना. तेव्हा मी खरोखर घाबरलो.

मंजुषाचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. एका रविवारी मी सहज सांगितलं, की यवतमाळला जानेवारीत अर्धी मॅरेथॉन आहे, पेपरात आलंय. ती हसायला लागली.

“तुम्ही पळता का काय आता? कोपऱ्यावर मीठ आणाले जाता तरी स्कूटर काढता.”

“कायले हसतं? मनात आणलं तर पळीन.”

“पळून दाखवा. एकवीस किलोमीटर पळाले ना, तर त्याच दिवशी बॅग घेऊन घरी येतो मी.”

ती हसतच होती. मी मात्र हसलो नाही. फोन ठेवला आणि बाजारात जाऊन पळायचे बूट घेऊन आलो.

सरळ ‘मंजू, आता घरी ये’ असं म्हणायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. मला ते जमत नाही. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात मी तिच्याकडे चहासुद्धा मागितलेला नाही. ‘चहाची वेळ झाली’ एवढंच म्हणायचो. मागितलं आणि ती नाही म्हणाली तर काय करायचं, हा माझा प्रश्न होता. त्यापेक्षा पळणं सोपं वाटलं. पळून झालं की तिनेच दिलेला शब्द, मला काही मागायला नको.

सुरुवातीला आठवडी बाजारापर्यंत पळालो तरी छाती भरून यायची. गुडघे तर रोज नवीन जागी दुखायचे. हायवेवर हैदराबादकडे जाणारे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, म्हणून मी आतला आंबेझरीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंनी कापूस आणि तूर, मध्ये एक नाला, आणि दोन कुत्री, ज्यांना माझं पळणं शेवटपर्यंत पटलं नाही.

आमच्या भागात मोठा माणूस रस्त्यावरून पळत नाही. पळत असला तर त्याच्या घरी कोणीतरी बिमार असतं किंवा त्याची गाडी चुकलेली असते. त्यामुळे जो तो मोटारसायकल थांबवायचा. दुधाचे कॅन घेऊन तांड्यावरून येणारा हिरासिंग पहिल्याच आठवड्यात आडवा आला.

“बसा साहेब, सोडून देतो. घरी बिमार हाय का कोनी?”

“नाई रे, कोनी बिमार नाई. पळून राह्यलो.”

“ते दिसून राह्यलं. पण काहून?”

आता याला काय सांगायचं? बायकोला परत आणायला पळतो म्हणालो असतो तर दूध आटायच्या आत गावभर झालं असतं. “तब्येतीसाठी,” म्हणालो. तो आठवडाभर रोज थांबला, रोज बसा म्हणाला आणि मी रोज नाही म्हणालो. नंतर त्याने थांबणं सोडलं. नुसता हात वर करायचा आणि पुढे जायचा. पुढे पुढे कोणीच थांबेना. मला हेच हवं होतं, पण त्या रस्त्यावर सकाळी कोणीतरी बसा म्हणतंय, ही दिवसातली एकच गोष्ट होती आणि तीही मी घालवली.

दिवाळीपर्यंत मी बसस्टँडपासून आंबेझरी फाट्यापर्यंत न थांबता पळायला लागलो. भाडेपत्रकात हे तीन टप्पे आहेत, मला पाठ आहेत. म्हणजे अठरा किलोमीटर. वेळ लागायचा एक तास पन्नास मिनिटं. येताना एस.टी.ने यायचो. राहिला अर्धा टप्पा, तो यवतमाळात शर्यतीच्या जोशात निघून जाईल. म्हणजे सव्वादोन तासांच्या आत काम होणार. साठीच्या वयात हे जरा जास्तच चांगलं होतं, पण तसं म्हणणारं जवळ कोणी नव्हतं.

रविवारी मंजुषाला मी सगळं सांगायचो. आज किती टप्पे झाले, घाम किती आला, दम कुठे लागला, बूट कुठे चावला. आधी तिच्या फोनवर मला ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही सुचत नसे, आता मी अर्धा अर्धा तास बोलायचो. तीही ऐकायची. “बरं चालून राह्यलं मग तुमचं,” म्हणायची. मी म्हणायचो, एकदम मस्त. बॅगेबद्दल ती बोलली नाही, मीही काढलं नाही. दिलेल्या शब्दाची पुन्हापुन्हा आठवण करून द्यायची नसते, असं मला वाटायचं.

शर्यतीच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, “आम्ही येतो पाहाले. अवधूत गाडी काढते. फक्त मितालीची ड्युटी दुपारची हाय, तिले सोडा लागते. नऊला निघा लागन आम्हाले.”

“सव्वाआठला पोचतो मी,” मी सांगितलं. ‘आम्हाले’ या शब्दात तीही आली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी घर झाडलं, पलंगावर नवीन चादर घातली, तिची चहाची पातेली घासून ठेवली.

यवतमाळच्या स्टेडियममधून सकाळी सहाला शर्यत सुटली. थंडी मी म्हणत होती. तरण्या पोरापोरींचे घोळके फोटो काढत, हसत निघाले. माझ्या आजूबाजूला पाच-सहाशे माणसं होती आणि एवढ्या माणसांत मी कित्येक महिन्यांत आलो नव्हतो. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी दोनदा शेजारी पाहून हसलो. त्यांच्या कानांत गाणी चालू होती.

आर्णी रोडला लागलो तेव्हा छान चाललं होतं. दर किलोमीटरला पाटी लावली होती. तेरा नंबरच्या पाटीपाशी माझे पाय एकदम संपले. मांड्या दगडासारख्या झाल्या. मी घड्याळात पाहिलं. सात वाजून पन्नास मिनिटं. म्हणजे एक तास पन्नास मिनिटं, बरोबर आंबेझरीचा वेळ.

मी तिथेच उभा राहिलो आणि मला सगळं कळलं. एस.टी.त अर्धा टप्पा नसतो. नव्या टप्प्यात गाडी किलोमीटरभर शिरली तरी भाडं पूर्ण टप्प्याचं. आंबेझरी फाटा तिसऱ्या टप्प्यात एवढाच आत आहे. रोज मी तेराच किलोमीटर पळत होतो आणि अठरा मोजत होतो. आणि हाच नियम मी खिडकीतून हजारो भांडखोर प्रवाशांना एकतीस वर्षं समजावून सांगितला होता. सोबत एक माणूस पळत असता तरी त्याने पहिल्याच आठवड्यात माझी चूक काढली असती.

अजून आठ किलोमीटर राहिले होते. मी चाललो, मग पळालो, मग परत चाललो. पाण्याच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, काका, मागे गाडी आहे, बसता का? मी नाही म्हणालो. घड्याळ पाहायचं नाही असं ठरवून दर दोन मिनिटांनी पाहत होतो. साडेआठ झाले, नऊ झाले. नऊनंतर मी मोठ्याने मंजुषाला थांब म्हणायला लागलो. शेजारून जाणाऱ्या एकाने वळून पाहिलं. मी थांबलो नाही, म्हणतच राहिलो. जे फोनवर म्हणायला पाहिजे होतं, ते मी यवतमाळच्या डांबराला सांगत होतो.

स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती. मांडव अर्धा सोडून झाला होता. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. दोरीपलीकडे मंजुषा उभी होती. ती थांबली होती. तिने पुढे येऊन पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “किती वाळले जी तुम्ही.”

मी तिच्या हाताकडे पाहिलं. खांद्याला बाळाच्या लंगोटांची पिशवी होती. मागे फाटकाशी गाडी उभी, अवधूत आणि मिताली बाळाला घेऊन आत बसलेले.

“बॅग गाडीत हाय का?” मी विचारलं.

“कोणती बॅग?”

“तुझी. तू म्हटलं होतं, एकवीस पळाले तर घरी येतो म्हणून.”

तिला आठवायला वेळ लागला आणि आठवल्यावर तिचा चेहरा उतरला. “अवं, ते मी हसण्यावारी म्हटलं होतं.”

मग मी ते बोललो. दम लागलेला होता म्हणून असेल, किंवा आता मोजायला काही उरलं नव्हतं म्हणून. “मंजू, मले एकट्यानं राहावत नाई. घर खायले उठते. तू घरी चाल.”

तिने तोंडावर पदर धरला. “मग हे काहून नाई सांगितलं इतके दिवस? मले वाटलं, तुम्हाले करमून राह्यलं. पहिले फोनवर बोलत नव्हते तं मले चिंता लागे. अवधूतले म्हटलंबी होतं, की मी आता परत जातो, ह्यायचं काही खरं नाई. मंग तुम्ही पळाले लागले. इतके खुशीत बोलत होते. मागच्या हप्त्यात मी मितालीले हो म्हटलं. पोरगं शाळेत जाईपर्यंत राहातो म्हणून. तिनं दवाखान्यात कायमची नोकरी घेतली त्या भरवशावर.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं तरी.”

अवधूतने हॉर्न वाजवला नाही, नुसती गाडी सुरू केली. मंजुषाने माझा हात घट्ट धरला, सोडला, पुन्हा धरला. मितालीला दुपारच्या ड्युटीवर पोचायचं होतं. मीच म्हणालो, जा, उशीर होऊन राह्यला. ती गाडीत बसल्यावर काच खाली करून माझ्याकडे पाहत होती आणि गाडी वळेपर्यंत तिने काच वर केली नाही.

मी स्टेडियमच्या पायरीवर बसलो आणि रडलो. माणसांसमोर, मोठ्याने, लहान पोरासारखा. पिवळी टोपी घातलेली एक स्वयंसेविका धावत आली. “काका, पहिल्यांदा असंच होतं, फार दुखतं,” म्हणाली आणि माझ्यापुढे वाकून तिने दोन्ही गुडघ्यांवर दुखण्याचा स्प्रे मारला. मी तिला मारू दिला.