पिल्लंवालीचे शेंगदाणे

सापांच्या संग्रहालयामागे एक खोली होती, तिथे ती सापांना खायला घालायचे उंदीर वाढवायची. साप पुढे काचेआड ऐटीत, उंदीर मागे पिंजऱ्यांत, आणि त्यांना दाणापाणी घालणारी ती सगळ्यांच्या मागे. बाळंतपणाची रजा संपून तिसरा आठवडा चालला होता आणि अंगावरचं दूध आटत चाललं होतं. बाळ ओढून ओढून थकायचं, मग नुसतं रडायचं.

"दूध काय आभाळातून पडतं?" साप सांभाळणारे काका म्हणाले. "ढोबळ हिशेब सांगतो. दहा किलो दाणा घाल, तेव्हा किलोभर उंदीर होतो. बाकीचा त्यांच्या पळापळीत आणि अंगाच्या उबेत जातो. पुढे उंदरांचा साप होतानाही तेच. तू काय जेवतेस?"

"उरतं ते."

"मग लेकराला उरल्यातलं उरलेलं."

घरी सगळ्यांची जेवणं उरकली की तिचं ताट. सासूबाई पातेलं खरवडून वाढायच्या आणि वर म्हणायच्या, "बाळंतिणीनं बेतानं खावं, सूनबाई. पोट सुटतं."

पिल्लं पाजणाऱ्या उंदरिणींना मात्र दुप्पट खुराक, शिवाय भिजवलेले शेंगदाणे. तसा नियमच भिंतीवर चिकटवलेला. एका दुपारी तिनं त्यातले मूठभर तोंडात टाकले. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. उंदरीण थोडीच तक्रार करायला जाणार होती? आठवडाभरात तिचे कपडे छातीशी भिजायला लागले. बाळ पिता पिता झोपी जाऊ लागलं, ओठांच्या कडेला दुधाचा थेंब तसाच ठेवून.

सोमवारी तिनं कोपऱ्यातला पिंजरा उघडला. आठ पिल्लांतली तीन उरली होती. आई पुढच्या पायांनी तोंड पुसत बसली होती.

काका वाकून बघत राहिले. "खाल्ली. खाणं अंगाला पुरेनासं झालं की असं करतात. काही खायची, उरलेल्यांना पाजायचं. खुराक बरोबर घालतेस ना गं?"

"घालते की."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

संध्याकाळी बाळ घटाघटा प्यायलं. सासूबाई दारातून कौतुकानं म्हणाल्या, "सांगत नव्हते? बेतानं खाल्लं की दूध आपसूक येतं."

"हो, आई."

दुसऱ्या दिवशी तीन पिल्लांच्या आईपुढे तिनं हात न आखडता शेंगदाणे ओतले. मग शेजारच्या पिंजऱ्याच्या वाटणीतली मूठ उचलली आणि दाराकडे पाठ करून चावत राहिली.