खंडाचं कारण

बापूसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाइप करता करता बोटं थांबवली आणि विचारलं,

"कारण काय टाकू?"

"कशाचं?" राजनंदिनी म्हणाली.

"गॅपचं. बारावी मागल्या वर्षी झाली, ॲडमिशन औंदा घेताय. मधलं वर्ष कुठं गेलं ते लिवावं लागतंय प्रतिज्ञापत्रात. आजारपण टाकू का घरगुती अडचण? बहुतेक जण घरगुतीच टाकत्यात."

"घरगुतीच टाका."

"न्हाई," शेजारच्या स्टुलावर बसलेली तिची आई म्हणाली. त्यांच्या गावापासून, मांडवगण फराट्यापासून, शिरूरपर्यंतच्या एसटीत अनिता पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेरच पाहत आली होती. "खरं काय ते लिवा. आईनं जाऊ दिलं न्हाई, आसं लिवा."

तहसील कचेरीबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडखाली बापूसाहेब वीस वर्षं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत होते. त्यांनी आधी आईकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"वहिनी, तसं कुणी लिवत न्हाई. कालिजवाले नसत्या चौकशा करत बसतील." आणि 'घरगुती कारणास्तव' एवढं टाइप करून त्यांनी प्रिंटरचं बटण दाबलं.

आई बोलली ते राजनंदिनीनं फारसं मनावर घेतलं नाही. गेल्या सव्वा वर्षात आई कशाचाही दोष स्वतःवर घेत असे. म्हशीचं दूध आटलं तरी, वडलांना ताप आला तरी. तिचं वर्ष का वाया गेलं हे तर घरातच काय, भावकीतही सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन शेवटच्या दिवशी ॲडमिशनची साइट बंद पडली, नंबर लागलेली सीट हातची गेली. साहेबराव, तिचे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत. सांगताना त्यांचा आवाज थोडा चढायचा, कारण ज्याच्यावर चिडता येईल असं तेवढंच एक काहीतरी त्यांच्यापाशी उरलं होतं.

स्वराजला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तिचा थोरला भाऊ. कंपनीत नोकरीला लागला, शिक्रापुरात दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी सेकंड शिफ्टला निघाला असताना चौकात कंटेनरखाली आला. राजनंदिनीची सीईटी नुकतीच झाली होती. तिचे सगळे फॉर्म त्यानंच भरले होते, मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला होता. "तुझ्याकडं कुठं फोन हाय, येडे," म्हणाला होता.

मग ते वर्ष आलं. ते कसं गेलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सकाळी गोठा, दुपारी आईच्या डोक्याला तेल, संध्याकाळी शेजारच्या दोन पोरांना पाढे. ती गोठ्यात गेली तरी आई दारात येऊन उभी राही. काम काढून नव्हे, नुसतीच. दिवाळीला तिची मैत्रीण पुण्याहून आली, तेव्हा केस कापलेले होते आणि बोलण्यात सारखं सबमिशन, सबमिशन. राजनंदिनीनं हसून सगळं ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर तिचा चहाचा कप बराच वेळ घासत बसली. मार्चमध्ये दौंडकडचं स्थळ आलं. मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत पर्मनंट. साहेबरावांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "शिकू द्या तिला," एवढंच बोलले.

यंदा तिनं फॉर्म स्वतः भरला, स्वतःच्या नंबरावर. सीट पक्की झाल्यावरच घरात सांगितलं. आई "बरं" म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "कागदपत्राला मी येते तुझ्यासंगं. पुण्यापोत्तर येते."

नोटरी वकील जेवायला गेले होते. दोघी कचेरीच्या आवारातल्या लिंबाच्या पारावर येऊन बसल्या. प्रतिज्ञापत्र राजनंदिनीनं फाइलमध्ये घातलं. आईनं पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, मांडीवर ठेवलं, पण सोडलं नाही.

"साइट बंद न्हवती पडली," ती म्हणाली.

राजनंदिनी वळली.

"स्वराजच्या फोनवर आलं व्हतं. आकडं. कपाटात, माझ्या लुगड्यांत ठिवला व्हता मी त्यो फोन. तीनदा वाजला. तू सायबर कॅफेतनं मला फोन करून इचारत व्हतीस, आई, दादाच्या फोनवर काय आलं का. मी फोन हातात धरूनच न्हाई म्हनलं."

"आई..."

"बोलू दे मला. एकदाच बोलते." अनिताची नजर समोरच्या मोटारसायकलींच्या रांगेवर होती. "पुण्याला जायचं म्हंजी त्याच चौकातनं. दर सुट्टीला येनार, जानार. मला वाटलं, एक वरीस. नुस्तं एक वरीस पोर डोळ्यांम्होरं राहू दे. मग त्यो फोन बंदच करून टाकला. तुझे आप्पा साइटला शिव्या देत्यात ना, तवा मला घास गिळत न्हाई."

कचेरीतून एक शिपाई नाव पुकारत बाहेर आला आणि कुणीच उठलं नाही म्हणून परत आत गेला.

राजनंदिनीला राग यायला हवा होता. तिनं वाटही पाहिली, येतो का म्हणून. पण तिच्या डोळ्यांपुढं गावातलं ते सायबर कॅफे आलं. तिसऱ्यांदाही ओटीपीचे आकडे आले नाहीत, तेव्हा कॅफेवाला म्हणाला होता, "ताई, आजून दोन तास हायती. घरी जाऊन फोन हितं घिऊन या, समोर बसून टाकू." घर तिथून पाच मिनिटांवर होतं. ती उठली होती, दारापर्यंत गेलीही होती. रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले. मग ती मागं वळली आणि म्हणाली, "राहू दे. बंद करा." कॅफेवाल्यानं का म्हणून विचारलं नाही. आणि घरी येऊन तिनंच सांगितलं होतं, साइट बंद पडली.

हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. स्वतःशीही नीट बोलली नव्हती.

"आई, साइट बंद पडली आसं कुनी सांगितलं आप्पांना?"

"तूच की."

"व्हय. मीच." तिनं फाइलचा बंद बोटाला गुंडाळला. "दोन तास व्हते आजून. घरी येऊन फोन न्यायचा व्हता नुस्ता. मी आलेच न्हाई."

अनितानं पहिल्यांदाच लेकीकडं पाहिलं. आईचा चेहरा मोकळा झाला नाही. उलट आतून कुणी काहीतरी काढून नेल्यासारखा रिता झाला. एवढे महिने तिनं ते पाप एकटीचं म्हणून सांभाळलं होतं.

"मंग तुलाबी जायचं न्हवतं," ती म्हणाली.

"तवा न्हवतं."

"आन् आता?"

राजनंदिनीनं मान हलवली. हो म्हणून. ते हलवणंही तिला जड गेलं.

अनितानं फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा लेकीच्या हातात दिला.

"खा. वकील यील आता."

वकील आले. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' याखाली राजनंदिनीनं सही केली. वकिलांनी शिक्का मारला आणि वर न बघता पुढच्या माणसाला हाक मारली.

स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. पाचच्या आत कॉलेजात पोचायचं होतं. राजनंदिनीनं चढून खिडकीची जागा धरली, शेजारी पिशवी ठेवली आणि आईसाठी दाराकडं पाहिलं. आई खालीच उभी होती. खिडकीपाशी आली.

"मी हितनंच माघारी जाते. धारांचं बघाया पायजे. तुझ्या आप्पांना म्हस धार देत न्हाई."

"आप्पा तर रोज..."

"तू जा," अनिता म्हणाली. "परत येताना कुनाला तरी संगं घे. न्हाई मिळालं तरी ये."

तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला होता. गाडी हलली तसा तो काढून घेतला. राजनंदिनी मागं वळून बघत राहिली, पण आई गाडीकडं पाहत नव्हती. मांडवगणची गाडी कुठं लागते ते ती कुणाला तरी विचारत होती, जणू पहिल्यांदाच त्या स्टँडवर आली होती.

पाऊण तासानं चौकाच्या तोंडाशी बस रांगेत अडकली. पुढं कंटेनर, बाजूला कंटेनर. बसमध्ये डिझेलचा वास भरला. खिडकीबाहेर पांढरापिवळा दुभाजक होता, त्याच्यावर बसून दोन परप्रांतीय कामगार डबा खात होते. एकानं दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. राजनंदिनी या चौकापाशी पहिल्यांदाच आली होती. इथं काहीतरी खूण असेल असं तिला वाटलं होतं. कसलीच नव्हती.

फोन वाजला.

"कुठं आलीस?" आईनं विचारलं. मागं एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

राजनंदिनीनं दुभाजकाकडं पाहिलं.

"शिक्रापूर गेलं मागं, आई. कवाच गेलं."

तेवढ्यात कंडक्टरनं दांड्यावर तिकिटाचं यंत्र आपटलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "शिक्रापूर! शिक्रापूरवाले या म्होरं! हितंच उतरा, गाडी काय हलत न्हाई!"

पलीकडं एसटीचा खडखडाट चालूच होता.

"बरं," अनिता म्हणाली. "जागा हाय ना बसायला?"

"हाय."

"मंग बस नीट."

दोघींपैकी फोन कुणीच ठेवला नाही. पुढचा कंटेनर हलला, बसनं एक धक्का खाल्ला आणि ती इंचाइंचानं चौकात शिरली.