विमलाचं व्रत

विमलाच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले, तेव्हा भाऊंच्या ध्यानात आलं की तिच्या व्रताचं उद्यापन राहूनच गेलं.

व्रत एकतीस वर्षांचं. लेक झाली, दिशा, आणि विमला कोकणातल्या माहेराहून तिला घेऊन नाहूरला परतली, तेव्हापासूनचं. देवाजवळ जायचं नाही, दारातूनच हात जोडायचे. कुणाकडे गादीवर बसायचं नाही. बाहेर जायचं असेल तर सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. अंथरूण वेगळं, स्वयंपाकघरात. दिवसातून तीन-चार अंघोळी. बिल्डिंगमध्ये तिला सोवळ्याच्या काकूच म्हणत. ती गणपतीलाही गावी येईना, तेव्हा भाऊ आधी चिडले. मग हळूहळू त्यांना अभिमान वाटू लागला. कंपनीत डबा उघडला की सांगायचे, "आमच्या हिच्याइतकं कडक करून दाखवा कुणी."

व्रत कशाचं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. एकदा विचारलं तर ती म्हणाली, "सांगितलं की फळ जातं." परत विचारलं नाही.

त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"देव कुठला?" गुरुजींनी विचारलं.

"ते माहीत नाही."

"मग मी संपवू काय, भाऊ? संकल्प काय होता ते तरी शोधा."

दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन दिशा तेव्हा माहेरी आली होती. आई नसलेलं माहेर म्हणून बाळंतपण सासरच्या गावीच झालं होतं. त्याच आठवड्यात सोसायटीत माघी गणपती बसला. दिशा मांडवाच्या बाहेरच उभी राहिली.

"अगं, आत ये की! लेकराला पाया पडू दे," शेजारच्या पद्मजाकाकू ओरडल्या.

"तुम्हीच न्या ना त्याला, काकू. मी इथूनच. आईचं व्रत मी घेतलंय."

मांडवातल्या भाऊंनी ते ऐकलं. पोरीनं आईचं नाव राखलं. आणि घेतलंय म्हणजे देवही तिला ठाऊक असणार! घरी येताच त्यांनी विचारलं. दिशा दोरीवरचे जुन्या साडीचे तुकडे काढत होती.

"राहू दे ना, भाऊ. मी चालू ठेवलंय, मग उद्यापन कशाला?"

तेही खरंच. पण विमलाचं विमलापाशी, हिचं हिच्यापाशी. भाऊंना काही उलगडेना. शेवटी त्यांनी गावी मेव्हणीला, शकुला फोन केला. दिशाच्या जन्माच्या वेळी शकु तिथेच होती.

व्रताचा देव कुठला, ते विचारलं. शकु म्हणाली, "खंयचा व्रत, भावजी! व्रत नव्हतंच ते."

"म्हणजे?"

"तीन दिवस अडली होती ती. सुईण बसा म्हणायची, उठा म्हणायची. गाडी मिळाली तिसऱ्या दिवशी. पोर जगली, पण आत कुठंतरी फाटलं. त्यानंतर लघवी थांबलीच नाही तिची. रात्रंदिवस गळायची. बाईच्या जातीला होतं असं, पुरुषाला सांगू नकोस, म्हणाली आई. व्रताचं पण आईनंच सुचवलं."

"मग मला तिनं... नंतर तरी..."

"कसं सांगणार? तुम्ही कंपनीभर व्रत सांगत सुटलात."

फोन ठेवून भाऊ बसून राहिले. मग तो उपास नव्हता? नुसती तहान होती? आणि दारातून हात जोडणं? सगळं त्यांनी पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं. पाहिलं ते काय होतं मग?

न्हाणीत नळ सुरू झाला. सकाळपासून दिशाची ही तिसरी अंघोळ.

ती बाहेर आली तर भाऊ पाण्याचा पेला घेऊन उभे.

"पी."

"नको. खाली जायचंय मला, पद्मजाकाकूंकडे."

"म्हणूनच पी. शकुमावशीशी बोललो मी."

दिशानं पेला घेतला, पण प्यायली नाही. भिंतीला टेकली. "आईनं मला पण नव्हतं सांगितलं, भाऊ. मला झालं तेव्हा कळलं. दोन दिवस कळा देत होते. डॉक्टर रजेवर होता."

"सुबोधरावांना माहीत आहे?"

"नवऱ्याला काय सांगणार? व्रत आहे म्हटलं. खूश झाला."

"मीपण झालो होतो," भाऊ म्हणाले. बापानं मुलीशी असलं कसं बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. ते चपला शोधू लागले. "आधी पी ते. बाळाला घे. रिक्षा बोलावतो."

"भाऊ, सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

मुलुंडच्या इस्पितळात बायकांच्या रांगेत भाऊ एकटेच पुरुष. मांडीवर नातू. नर्सनं कागद पुढे ओढला.

"त्रास कधीपासून?"

"एकतीस वर्षं," भाऊ म्हणाले.

"काका, वय नाही विचारलं."

"दोन महिने," दिशा म्हणाली आणि बापाकडे बघत राहिली.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "आत भोक पडलंय. लवकर आणलंत, बरं केलंत. ऑपरेशन करू. बहुतेक बायका बऱ्या होतात."

भाऊंनी मान हलवली. त्या जायला निघाल्या तसे ते घाईनं उठले. बाळ रडायला लागलं.

"बाई, हे ऑपरेशन... नवीन निघालंय ना? पूर्वी नसेल."

"छे हो, काका. फार जुनं आहे. का? कुणासाठी विचारताय?"