पिवळ्या खोक्यातली काडतुसं

चोवीस वर्षांत घड्याळजींचा नेम एकदाही चुकला नव्हता. चुकायची ती गोळी. कधी ती ओलसर असायची, कधी जुनी, कधी तिच्यावरचं मेण जास्त, तर कधी आत दारूच कमी. नेमबाजी क्लबातली माणसं तोंडावर "हो हो, अगदी खरं" म्हणायची आणि घड्याळजींची पाठ वळली की "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणून खिदळायची. बायकोला तर सवयच झाली होती. रविवारी नवरा दारात बूट काढायला वाकला की ती स्वयंपाकघरातूनच विचारायची, "अहो, आज काय झालं होतं गोळ्यांना?"

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. क्लबाच्या तिघांच्या संघात एक जागा रिकामी झाली होती. घड्याळजी सात वर्षं राखीव होते, म्हणजे सात वर्षं इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते. पुढच्या वर्षी साठ पूर्ण झाली की नियमाप्रमाणे रवानगी ज्येष्ठांच्या गटात. तिथे संघबिंघ काही नसतो, बसायला खुर्ची मिळते. म्हणजे येत्या रविवारची निवड ही शेवटची. आता नाही तर कधीच नाही.

आणि त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला दुसरा उमेदवार कोण? तर बायकोचा सख्खा धाकटा भाऊ! धंद्याने प्लंबर, क्लबात येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि पिस्तूल धरायचा ते पाना धरल्यासारखं. पण पठ्ठ्याच्या गोळ्या लागायच्या. हे घड्याळजींना फार लागायचं.

"भाऊजी, इतका विचार करू नका हो," मेहुणा म्हणायचा. "गोळी फुटली पाहिजे, पुढची आली पाहिजे. बास."

"तुझा नळ आहे का तो, पाणी आलं की झालं?" घड्याळजी फणकारायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं, की या वेळी गोळीला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. पॉइंट टू टू मापाची म्हटलं की सगळी काडतुसं दिसायला एकसारखी, पण कुठल्या पिस्तुलाला कुठली मानवेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एकाच कंपनीचा एक लॉट सोन्यासारखा निघतो, पुढचा नुसती माती. म्हणून घड्याळजींनी बंदुकांच्या दुकानातून सात प्रकारची खोकी आणली, चार दिवस आपल्या घड्याळांच्या दुकानाला दुपारनंतर कुलूप लावलं आणि क्लबातल्या जड टेबलावर लोखंडी शिकंज्यात पिस्तूल आवळून बसले. हात नको, श्वास नको, वय नको. पिस्तूल काय ते बोलेल.

पंचवीस मीटरवर कोरा कागद आणि प्रत्येक खोक्यातल्या दहा गोळ्या. काडतूस ते चिमट्याने उचलायचे, पुसायचे, तळाची कडा मोजायचे आणि एकेक करून हाताने नळीत बसवायचे. मॅगझिनमधून नाही! मॅगझिनमधून वर सरकताना मऊ शिशाला ओरखडा पडतो, आणि ओरखडा पडलेल्या गोळीचं माप घेण्यात काय अर्थ? मग कागद आणायचा, डोळ्याला भिंग लावायचं, व्हर्नियरने सगळ्यांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. त्या चार दिवसांत दोन माणसं आपली बंद घड्याळं घेऊन दुकानावरून परत गेली.

महागातल्या निळ्या खोक्याने कागदभर गोंधळ घातला. लाल खोकं बरं होतं, पण दर दहात एक गोळी घर सोडून पळालेली. आणि मग आलं पिवळं खोकं. दहाच्या दहा गोळ्या शर्टाच्या बटणाखाली झाकतील एवढ्याशा जागेत! घड्याळजींनी तीनदा मोजलं. मग भिंग काढून डोळे पुसले, कारण ते खरंच भरून आले होते. तडक बंदुकांच्या दुकानात जाऊन त्यांनी त्या लॉटची होती नव्हती तेवढी सगळी खोकी उचलली.

"अहो, मी साखर आणायला सांगितली होती," बायको म्हणाली.

"साखर काय, कधीही मिळते," घड्याळजी म्हणाले. "हा लॉट परत मिळणार नाही."

रविवारी क्लबात बऱ्यापैकी गर्दी होती. बायकोही आली होती. एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ, म्हणून तिने मधोमध खुर्ची घेतली होती आणि दोघांकडे सारखंच रागाने बघत होती. रेंजवरचा कारभार रेंजबाईंकडे. पन्नाशीची धिप्पाड बाई, गळ्यात शिट्टी. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

निवडीचे दोन भाग. आधी संथ फेरी, मग जलद, म्हणजे दहा सेकंदांत पाच गोळ्या, असं दोनदा. संथ फेरीत घड्याळजींनी एकेक काडतूस हाताने भरलं आणि एकेक गोळी अशी नेऊन ठेवली, की मागे बसलेल्यांची कुजबुजच बंद झाली. मेहुण्यावर नऊ गुणांची आघाडी! घड्याळजींना वाटलं, आपण उगाच चोवीस वर्षं गोळ्यांना शिव्या दिल्या नाहीत. खऱ्याच होत्या त्या.

जलद फेरीला त्यांनी पहिल्यांदाच पिवळी काडतुसं मॅगझिनमध्ये भरली. शिट्टी झाली. ठप्प! पहिली गोळी दहात. दुसरी सुटलीच नाही. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या वरच्या फटीत उभी अडकून बसली होती.

"अडकली!" घड्याळजी ओरडले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रेंजबाई आल्या, पिस्तूल तपासलं, काडतूस हातात घेऊन बघितलं. "मवाळ आहे ही गोळी. हिच्यात स्लाइड, ही वरची सरकपट्टी, पुरती मागे ढकलून पुंगळी बाहेर टाकायचा जोर नाही. मॅगझिन भरून मारून बघितलं नव्हतं का तुम्ही?"

सात खोकी, चार दिवस, काठांची जाडी, मेणाचा थर, सगळं घड्याळजींनी बघितलं होतं. हे सोडून. स्लाइडचं काम ते चारही दिवस स्वतःच्या बोटांनी करत होते. अति तिथे माती म्हणतात ती अशी.

"एकदा परत मारायला मिळेल," रेंजबाई म्हणाल्या. "पुन्हा अडकली तर नाही."

घड्याळजी तसेच उभे. घरी बाकीची सहा खोकी होती, पण घर अर्ध्या तासावर. तेवढ्यात शेजारून एक हात पुढे आला. मेहुण्याने पँटच्या खिशातून मूठभर काडतुसं काढली होती. त्यांत नळाचा एक वायसर होता, एक पेपरमिंट होतं.

"घ्या भाऊजी. अडकत नाहीत. मला माहितीये."

"अरे, पण तू..." घड्याळजी म्हणाले. ज्याला हरवायला निघालो, त्याच्याच खिशातलं घ्यायचं? जीव नुसता तडफडला. पण घेतली. पेपरमिंट परत केलं.

काडतुसं अडकली नाहीत. दहाच्या दहा गोळ्या सुटल्या. पहिल्या पाच बऱ्या गेल्या. दुसऱ्या पाचांत मात्र तिसरी गोळी खाली घसरली, मग ती भरून काढायच्या घाईत चौथी वर गेली आणि पाचवी पार कागदाच्या कडेला. शेजारी मेहुण्याच्या दहाही गोळ्या नेहमीसारख्या लागल्या होत्या. बेरीज झाली. घड्याळजी दोन गुणांनी मागे.

आणि मग सगळ्यांनाच त्यांची दया आली. "परक्या गोळ्या हो!" कुणीतरी म्हणालं. "खिशातल्या! त्यांनी काय होणार?" मेहुणासुद्धा म्हणाला, "बरोबर आहे. भाऊजींना परत मारू द्या."

रेंजबाईंनी नियम सांगितला. उरलेल्यातल्या पाच गोळ्या शिकंज्यातून मारायच्या. भोकांचा पसारा तीस मिलिमीटरच्या वर भरला, तर गोळ्या सदोष, आणि घड्याळजींना पुढच्या रविवारी नवी संधी. आत भरला, तर निकाल कायम.

पिस्तूल शिकंज्यात आवळलं. पाच गोळ्या मॅगझिनमध्ये, पाचही धडाधड सुटल्या. कागद आला. भोकं काही बटणाखाली झाकण्यासारखी नव्हती. तीसच्या आत की बाहेर, नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येईना.

"मोजा," रेंजबाई म्हणाल्या. "माझा चष्मा गाडीत राहिलाय, आणि व्हर्नियरवरच्या त्या बारीक रेघा तुमच्याशिवाय इथे वाचतो कोण?"

घड्याळजींनी भिंग लावलं. मोजलं. परत मोजलं. कपाळावर घाम आला. सात वर्षांच्या पाण्याच्या बाटल्या डोळ्यांपुढून गेल्या. बत्तीस म्हटलं तर कोण काय करणार होतं? मेहुणा तर कधीचा मान डोलवून बसला होता. त्याला व्हर्नियर उलटा धरलाय की सुलटा, तेही कळलं नसतं.

"किती?" रेंजबाईंनी विचारलं.

"अठ्ठावीस," घड्याळजी म्हणाले.

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. जागा आपल्याला मिळाली, हे त्याच्या डोक्यात उतरायलाच वेळ लागला. बायको खुर्चीवरून उठून जवळ आली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "काय झालं होतं हो गोळ्यांना?"

"काही नाही," घड्याळजी म्हणाले. "गोळ्या चांगल्या होत्या. मीच वाईट मारल्या."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग हात वर करून त्यांच्या कपाळाला लावला, ताप आहे का ते बघायला, आणि ताप नाही असं कळल्यावरही तो बराच वेळ तिथेच ठेवला.