आत्याने कवायत विकली

या, असे जवळ सरका. मागच्यांनाही पुढे येऊ द्या, कारण गोष्ट लहान आहे आणि लांबून ऐकली तर निम्मी वाटेतच सांडेल. नमनाला घडाभर तेल घालत नाही. हिच्यात एक हरवलेला आवाज आहे, एक सुजलेला गाल आहे आणि एक आत्या आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे, पण ते शेवटी.

दुकान होतं रेकॉर्डींचं. अरुंद, लांबट, आगपेटी उभी चिरावी तसं. दोन्ही बाजूंना लाकडी खोकी, त्यांत ओळीने उभ्या रेकॉर्डी, आणि मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. समोरून दुसरा आला की कुणीतरी एकाने पोट आत घ्यायचं. मालकाला सगळे सुईकाका म्हणत, कारण बोलताना माणसाकडे बघायच्या ऐवजी त्यांची नजर फिरत्या तबकडीवरच्या सुईकडे असे. "कडेने धरा, कडेने," हे ते दिवसभरात जितक्यांदा म्हणत, तितक्यांदा देवाचं नाव घेतलं असतं तर कधीच तरून गेले असते.

या दुकानाची रीत उलटी होती. जगभर गाजलेली मंडळी मागच्या अंधाऱ्या खोक्यांत, आणि दर्शनी फळीवर गल्लीतली माणसं. पोस्टमनची बासरी. दवाखान्यातल्या नर्सबाईंचा मेळा. दोन सख्ख्या जावा, ज्यांचे सूर जुळत, बाकी काहीच जुळत नसे. दुकानामागच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया ठोकून काका त्यांचं गाणं टिपत आणि कारखान्यात पाठवून थोड्याशा रेकॉर्डी काढून आणत. खपत त्या मुंगीच्या पावलांनी. पण काकांचं म्हणणं, "मोठ्यांना ऐकायला जग आहे. यांना मी."

या सगळ्याची सुरुवात किल्लीदादापासून झाली. समोरच्या पायरीवर त्याचं किल्ल्यांचं दुकान. कानस चालवता चालवता तो गायचा आणि कानस त्याला ठेका धरायची. त्याच्या आईचा खांदा धरला होता, हात वर होईना, वेणी घालता येईना. तिला रोज हात उचलायला लावावा म्हणून त्याने स्वतःच एक गाणं रचलं: "उचल हात, उचल हात, आभाळ काही जड नाही." म्हातारी हसत हसत हात उचले. काकांनी ते कानसेसकट टेपवर टिपलं. रेकॉर्डी आल्या, पण त्यांचं खोकं राहिलं खिडकीशी, आणि उन्हाने सगळ्या वाळक्या पानासारख्या वाकल्या. वाचली एकच. मग टेप बुरशीने गेली. त्यामागून किल्लीदादाही गेला.

उरली ती एक तबकडी. रोज शटर वर केलं की गिऱ्हाईक यायच्या आत काका ती वाजवत, मगच दिवस सुरू. एक संग्राहक तिच्यावर डोळा ठेवून होता, दर आठवड्याला आडून आडून विचारायचा. म्हणून काकांनी शक्कल लढवली. दुकानात एक रेकॉर्ड होती, शाळांसाठी कवायतीचे ठेके. ती आजवर कुणी उचलूनही बघितली नव्हती. किल्लीदादाला काकांनी त्या कव्हरात लपवलं आणि कवायतीला किल्लीदादाच्या कव्हरात घालून वर भिंतीवर टांगलं. किल्लीदादाच्या तबकडीवरून नवी रेकॉर्ड का काढत नाही, असं कुणी विचारलं की म्हणत, "घेणार कोण?" खरं सांगायचं तर तो आवाज त्यांना वाटून खायचा नव्हता.

आणि मग काकांची अक्कलदाढ सुजून आली. दुखायची थांबेना, तेव्हा ती काढून घ्यायला दिवसभर दवाखान्यात बसणं भाग पडलं. दुकानात बसायला त्यांची आत्या आली. आत्याचा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. आंधळ्याला आरसा विकेल आणि वर म्हणेल, रंग तुम्हाला खुलून दिसतो.

संध्याकाळी गालाला फडकं बांधून काका परतले, तर आत्याचा चेहरा नुसता फुललेला.

"बैस आधी," ती म्हणाली. "आज तुझं मढं हलवलं मी."

काकांनी भुवया वर केल्या. तोंडात कापूस होता.

"अरे ते, कवायतीचं. दुकान उघडल्यापासून ठाण मांडून बसलेलं. एक बाई आल्या होत्या, गळ्यात शिट्टी. म्हणे पोरं हात वर करायला कंटाळतात. म्हटलं, ही न्या, पोरं उडायला लागतील."

काका मटकन खोक्यावर बसले. ज्या खोक्यावर कुणी टेकलं तर ते घर डोक्यावर घेत, त्याच खोक्यावर. मग कापूस काढून, तोंड वाकडं करत, त्यांनी अदलाबदल सांगितली.

आत्याने गल्ल्याचा खण ढकलून बंद केला.

"मला सांग, सोनं पिठाच्या डब्यात ठेवायचं आणि दळण कुणी नेलं म्हणून रडायचं, ही कुठली रीत? निदान डब्यावर हात मारून सांगायचं तरी."

"आत्या, त्याचा आवाज आहे तो. दुसरीकडे कुठेच नाही."

"कळलं," आत्याचा स्वर उतरला. "मला तरी काय माहीत, बाबा. शिट्टीवाली बाई म्हणजे शाळा. सकाळी दोघं जाऊ. आता दूध पी आणि तोंड मीट."

काकांची रात्र कशी गेली ते त्यांचा गाल जाणे. त्यांना एकच दिसत होतं: शाळेचं यंत्र, त्याची सुई म्हणजे निव्वळ खिळा, आणि त्याखाली किल्लीदादा.

सकाळी शाळेच्या भिंतीपाशी पोचले आणि पाय थबकले. भिंतीपलीकडून कानस ऐकू येत होती. खर्र, खर्र. आणि वर तोच आवाज, कर्ण्यातून थोडा नाकात आलेला.

फाटकातून बघितलं तर अख्खं मैदान हात वर करत होतं. पोरं नुसती करत नव्हती, गातही होती. मागच्या रांगेतला एक जाडजूड मुलगा चवड्यांवर उभा राहून आभाळ ढकलत होता. "म्हटलं नव्हतं," आत्या पुटपुटली, "उडायला लागतील म्हणून."

मैदानाच्या कडेला ओट्यावर यंत्र मांडलं होतं, तिथे काका तीरासारखे गेले. शिट्टीवाल्या बाई त्यांना बघून हसल्या. "तुमच्याच आत्या ना? काय रेकॉर्ड दिलीत. पहिलाच शब्द 'उचल हात'. असले ठेके कोण करतं हो?"

"किल्ल्या करणारा करतो," काका म्हणाले, आणि सुजल्या गालाने जमेल तेवढं सगळं सांगितलं.

बाईंचं हसू मावळलं. "घेऊन जा ना मग. तुमचीच आहे. पोरांना काहीतरी सांगेन मी."

काकांनी दोन बोटांनी, श्वास रोखून, सुई उचलली. कर्णा गप्प झाला.

गाणं मात्र थांबलं नाही.

पोरांनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. उचल हात, उचल हात. पुढच्या रांगेतल्या दोन मुली तोंडाने कानसही काढत होत्या, खर्र, खर्र, अगदी ठेक्यात. काका तबकडी कडेने धरून उभे राहिले. इतकी वर्षं ज्या आवाजाला त्यांनी कव्हरात कोंडून जपलं, तो एका सकाळीत त्यांच्या हातातून सुटून मैदानभर पळत होता, आणि ओरखडा एकही उठला नव्हता.

"अरे, बोल की काही," आत्याने कोपर मारलं.

"बाई," काका म्हणाले, "ही सुई बदलायला हवी."

पुढे बरेच दिवस दुकानाचं शटर उशिरा उघडायचं. काका रोज तबकडी छातीशी धरून शाळेत जात, नव्या सुईवर स्वतः लावत आणि कवायत संपली की परत आणत. पोरांनी गाणं घरी नेलं, घरची माणसं दुकानात विचारायला आली, आणि "घेणार कोण?" हा प्रश्न आत्याने रांग दाखवून मिटवला. नवी रेकॉर्ड निघाली. एका बाजूला किल्लीदादा, दुसऱ्या बाजूला रजयांच्या खोलीत दाटीवाटीने उभं राहून गायलेली पोरं. दर्शनी फळीवर, त्याच्याच कव्हरात. संग्राहकाने दोन घेतल्या. आत्या गल्ल्यावर होती.

खरी कवायत काकांनी बाईंना भेट दिली. त्या ती अजून वाजवतात, शिक्षा म्हणून.

आता माझं मागणं. उद्या दोरीवर कपडे टाकताना, माळ्यावरचा डबा काढताना, किंवा देवापुढे उभे राहिल्यावर तुमचे हात वर जातील. तेव्हा पायरीवर बसून आईच्या खांद्यासाठी गाणाऱ्या त्या किल्लीवाल्याची घडीभर आठवण ठेवा.